दाजींचं हळू पळणं

ताईचा फोन आला तेव्हा मी उदगीरच्या बायपासवर पळत होतो. "दाजी गेले रे…" एवढंच ती बोलली. मी जागेवर थांबलो आणि पहिलं काय केलं असेल, तर मनगटावरचं घड्याळ बंद केलं, पळण्याची वेळ मोजणारं. बोट आपोआप गेलं. याला आता महिना होत आलाय, पण आठवलं की कुणी बघत नसलं तरी मान खाली जाते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात त्यांची आडत, सगळा बाजार त्यांना शिवाप्पाशेट म्हणायचा. अंगानं चांगलेच भरलेले. पन्नाशीत शुगर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर हे पळायलाच लागले आणि लातूरची हाफ मॅरेथॉन करायची म्हणाले. मी कॉलेजात लांब पल्ल्याचं पळायचो, म्हणून सरावाची आखणी माझ्याकडे आली. आठवड्यातले बहुतेक दिवस अगदी सावकाश पळायचं, एकच दिवस जोर लावायचा, अंतर बेताबेतानं वाढवायचं, मधूनच एखादा आठवडा कमी करायचं. दाजींनी मान हलवली आणि रोज जीव खाऊन पळत सुटले. कारण वाटेत मोंढ्याच्या तोंडाशी एक चहाची टपरी होती. तिथं ओळखीची माणसं बसलेली असायची. "शेट, कोन लागलंय मागं?" असं कुणीतरी ओरडायचं, बाकीचे हसायचे आणि दाजी वेग वाढवायचे. टपरी मागं पडली तरी तो वेग कमी करायची त्यांना लाज वाटायची. शेवटी नडग्या अशा दुखायला लागल्या की जिना उतरता येईना. बाजारात मात्र सांगितलं, पाय मुरगळला.

"हळू पळा म्हणालो होतो ना दाजी?"

"हळू पळायला काय पळणं म्हन्तेत का? चार लोकांत इज्जत जाती बाबा."

नडग्या बऱ्या झाल्यावर मी त्यांना एक साधी खूण दिली. पळताना धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता आलं, तर वेग बरोबर. दुसऱ्या दिवशी टपरीजवळ येताच त्यांचे कान लाल झाले, पण वेग वाढला नाही. उलट त्यांनीच हात वर करून नमस्कार घातला. "शरणार्थ हो मंडळी! काय मल्लू, पोरीला बरं हाय का आता? ताप उतरला का?" टपरीवाला मल्लू किटली हातात धरून बघतच राहिला. तेव्हापासून रोज एकेकाची ख्यालीखुशाली विचारत ते टपरीवरून जायचे. लातूरच्या शर्यतीत शेवटाकडे पोचले तेव्हा माणसं शेवटची कमान उतरवायला लागली होती. दाजी लांबूनच ओरडले, "थांबा की हो, गिऱ्हाईक यायलंय!"

पुढच्या वर्षी ते झपाट्यानं वाळत गेले. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. टपरीवरची माणसं मात्र खूश. "शेट, काय बारीक झाले! मानलं तुमाला." दाजी हसून मान डोलवायचे. एकदा मी बरोबर होतो, टपरी मागं पडल्यावर मला म्हणाले, "आता खरं सांगायची शरम वाटायली रे. इतक्या दिवसांनी कौतुक करायलेत बिचारे…"

लातूरला केमो सुरू झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडून पुन्हा आखणी करून घेतली. पळण्याचं चालणं झालं, चालणं गल्लीपुरतं आलं, मग घराच्या व्हरांड्यापुरतं. दर आठवड्याला मी थोडं कमी करायचो आणि पुढं वाढवूच, असं म्हणायचो. "जोराचा दिवस कोनता?" ते विचारायचे. "या आठवड्यात नको," मी म्हणायचो. दोघांनाही कळत होतं. माझ्या तोंडाला मात्र खेळाडूची भाषा सोडून दुसरं काही येत नव्हतं.

दाजी गेल्यावर तिसऱ्या दिवशी मल्लू ताईच्या घरी आला. दारातच उभा राहिला, आत येईना. "आदी आमी हासलो त्यांना," तो म्हणाला. "आन दुखण्यानं वाळले त शाबासकी देत बसलो. कोन्या तोंडानं बसू आत?" मी त्याला हाताला धरून आत आणलं.

परवा ताईकडे गेलो होतो. व्हरांड्याच्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटलाय, दाजी हात टेकत चालायचे त्याचा. मी ठरवून दिलं होतं खांबापर्यंत, तिथून माघारी. पट्टा खांबाशी थांबत नाही. तो पुढं पार स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलाय.

मी बघतोय हे ताईच्या लक्षात आलं. "तू गेल्यावर परत चकरा मारायचे," ती म्हणाली. "‘त्याला सांगू नको,’ म्हन्ले. ‘त्यानं कमी करायला सांगितलंय, आन मला राहवत न्हाई. लाज वाटती,’ म्हन्ले…"

तिच्या हातात ओलं फडकं होतं. तिनं सगळी भिंत पुसली. तो पट्टा तेवढा ठेवला.