पांढरा तळहात

कुणाच्याही घरी गेले की बाळारामदादा रामराम म्हणण्याआधी भिंतीला हात लावत. तळहात सावकाश फिरवायचा, उजेडात धरून बघायचा. हाताला पांढरी भुकटी लागली, तरच ओटीवर टेकून पाणी मागायचे. लग्न होऊन मी डोंबिवलीत आले तेव्हा मला हा माणूस चक्क चक्रम वाटला होता.

ते सरकारी हिवताप खात्यात डीडीटीची फवारणी करीत. जवळच्याच गावातले आगरी, वडील मिठागरात राबलेले. लढाईच्या वेळी दादा रस्ते बांधायला ब्रह्मदेशाच्या हद्दीवर गेले होते. तिथे गोळीपेक्षा तापाने जास्त माणसं गेलेली त्यांनी पाहिली आणि ही पावडर आल्यावर छावणीतला ताप कसा हटला, तेही पाहिलं. "लढाईनं दोन वस्तू दिल्या, वयनी," ते म्हणत. "एक तो मोठा बाँब, नि एक ही पावडर. दोनी मारतान. कुनाला मारायचा, ता आपन बघायचा."

पावडरीचं कौतुक होतं, पण आंधळं नव्हतं. एकदा फवारणीवाल्यांनी बादल्या गावच्या तळ्यात धुतल्या आणि दुसऱ्या दिवशी मासे पोट वर करून तरंगले. दादा काठावर किती तरी वेळ बसून राहिले. "विष नाव इचारून मारत नाय," एवढंच म्हणाले. तेव्हापासून ते धुण्याचं पाणी खड्डा खणून त्यात ओतायचे. बाकीचे हसायचे. हसोत बापडे.

आता माझी गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय दादा कळायचे नाहीत. पहिल्या खेपेला मला हिवतापाने धरलं आणि सहाव्या महिन्यात माझं मूल पोटातच गेलं. पुढच्या वर्षी पुन्हा दिवस राहिले. दादांनी श्रावणात आमच्या कुडाच्या भिंती फवारल्या आणि मला समोर उभं करून बजावलं, "डास रगत पितो नि जड होऊन भितीवर इसावा घेतो. तितंच त्याला गाठायचा. म्हनून भित सारवायची नाय."

पण गणपती तोंडावर आले. भिंतींवर पांढरे ओघळ, घरभर तो उग्र वास. सासूबाईंना ते बघवेना. "देव यायचे आणि भिंती अशा?" म्हणत त्यांनी पदर खोचला. मला सातवा महिना होता. मी शेण कालवून दिलं. त्यांना नाही म्हणायची माझी छाती झाली नाही, हे खरं.

दोन दिवसांनी दादा आले. आमच्या आळीत तीन घरी ताप निघाला होता, म्हणून ते घरोघर भिंती बघत होते. आल्या आल्या त्यांनी भिंतीला हात लावला. हात कोरा. त्यांनी नाकाशी नेला.

"काकू, भित सारवली काय?"

"छे हो! कुणी बोटसुद्धा लावलं नाही," सासूबाई म्हणाल्या.

 दादा माझ्याकडे वळले.  पोटातल्या पोराने लाथ मारली, आणि त्या लाथेने मला कंठ फुटला.

"परवा सारवली. शेण मीच कालवलं. दादा, आता काय करायचं?"

सासूबाईंचा चेहरा पडला. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. पण त्या नुसत्या खाली बसल्या. "गेल्या वर्षीचं नको गं पुन्हा," एवढंच पुटपुटल्या.

गावोगावची पावडर मापून मिळे आणि या फेरीची संपली होती. दादा डोकं खाजवत उभे राहिले. मग म्हणाले, "एका घरापुरती हाय. येतो." तासाभराने ते बादली आणि पंप घेऊन आले. सासूबाईंनी स्वतः देव, भांडी, पाणी बाहेर काढलं. सोवळ्यातल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी दादा थबकले, तर त्याच म्हणाल्या, "या आत. सगळं मारा." त्या वर्षी आमचा गणपती पांढऱ्या ओघळांपुढे बसला.

दिवाळीनंतर मुलगा झाला. मला आणि बाळाला ताप शिवला नाही. सव्वा महिना झाल्यावर त्याला दादांच्या पायांवर घालायला मी त्यांच्या घरी गेले. दादा कामावरून यायचे होते. दार उघडंच होतं. आत त्यांची बायको चांगूबाय दोन गोधड्या पांघरून भर दुपारी कुडकुडत होती. का कोण जाणे, मी भिंतीला हात लावला. हात कोरा. फवारलेल्या घराच्या दारावर तारीख लिहीत, तीही इथे नव्हती.

"आमचा घर नेमी शेवटाला," चांगूबाय दातांवर दात आपटत म्हणाली. "आठ दिवसान माल येल म्हनले. आलाच नाय."

ती एका घरापुरती पावडर कुठली, ते मला तेव्हा कळलं.  तेवढ्यात मागून दादांचा आवाज आला. मला ते जन्मात एकदाच रागे भरले, ते तेव्हा. "पोराला घेऊन आत कनाला आलीस? भायेर जा! आदी भायेर जा!"

तापावरचं कोयनेल दिलं, डॉक्टर झाले, पण चांगूबाय पुढची फेरी पाहायला राहिली नाही. मी शेण कालवलं नसतं तर, हा विचार मी आजवर कुणाजवळ बोलले नाही.

पुढच्या फेरीनंतर दादा भिंती बघायला आले. माझी मान वर होईना. त्यांनी नेहमीसारखा भिंतीवर हात फिरवला, उजेडात धरला. तळहात पांढराफेक होता. तो त्यांनी रांगत आलेल्या माझ्या मुलासमोर धरला. मुलाने तो पकडायला हात पुढे केला, तसा दादांनी झटकन मागे घेतला आणि धोतराला खसखसून पुसला.

"पानी दे, वयनी," म्हणाले आणि ओटीवर टेकले.