रविवारची बिस्किटं

अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या व्हर्ना स्टाखोव्याकबाईंनी घर विकायला काढून सात महिने झाले होते. दर रविवारी एजंट मार्लिस अंगणात ‘घर पाहायला या’ अशी पाटी लावायची, गिऱ्हाइकांना घर हवंहवंसं वाटावं म्हणून ओव्हनमध्ये बिस्किटं भाजून घरभर वास सोडायची आणि म्हणायची, "दोन तास बाहेर जा हं. मालकीण समोर असली की लोक संकोचतात." मेलेल्या नवऱ्याचे फोटोसुद्धा तिने कपाटात कोंबायला लावले होते. व्हर्नाबाई मुकाट्याने चर्चसमोर गाडीत बसून राहायच्या.

एका रविवारी चष्मा विसरला म्हणून त्या मागच्या दाराने परत आल्या. स्वयंपाकघरात शेजारीण ग्लेंडा बिस्किटं हादडत होती आणि मार्लिस तिला सांगत होती, "असल्या मंदीत घर असं थोडंच विकलं जातं! पण इथे बसलं की तुमच्यासारखी घर विकणारी माणसं भेटतात. तुमचं कधी काढायचं?"

व्हर्नाबाईंनी ओव्हन बंद केला. "मार्लिस, आता तू बाहेर जा. आणि हा वासही घेऊन जा."

पुढच्या रविवारी पाटी ग्लेंडाच्या अंगणात लागली. व्हर्नाबाईंनी जाऊन चार बिस्किटं खाल्ली. ग्लेंडा तेव्हा चर्चसमोर गाडीत बसली होती.