गाजरगवतात पेरलेला टाकळा

आम्ही नाशिकहून सिल्वासाला राहायला आलो तेव्हा सोसायटीमागचा मोकळा प्लॉट कमरेइतक्या गाजरगवताने भरलेला होता. फॅक्टरीच्या लॅबमधून घरी आले की मी ते उपटायला लागायचे. पहिल्याच पावसाळ्यात कोपरापर्यंत हात खाजून लाल झाले. डॉक्टर म्हणाले, या गवतापासून लांब राहा. मी रबरी हातमोजे आणले.

दोन वर्षं उपटलं. उपटलेल्या जागी पंधरा दिवसांत नवी रोपं हजर. ज्या पट्ट्यात सोसायटी मशीनने गवत कापायची, तिथे तर ते वीतभर असतानाच फुलायचं, पात्याच्या खाली राहून. नवरा म्हणाला, "सोड ना आता. तू एकटी किती पुरणार?" मग तर मी मुळीच सोडणार नव्हते.

आमच्या बागेत काम करायला जवळच्या सुरंगी गावाहून एक मावशी यायच्या. एकदा माझी उपटाउपट बघत त्या उभ्या राहिल्या.

"ताई, तुम्ही जागा रिकामी करता, म्हणून ते परत येतं. तिथं दुसरं कायतरी बसवा."

"काय बसवू?"

"टाकळा. आमच्या बांधावर टाकळा दाट झाला, तिथं हे नाय माजत."

टाकळा मला फक्त पावसाळी भाजी म्हणून माहीत होता. दिवाळीनंतर एका रविवारी त्यांच्या गावी गेले. बांधावरच्या सुकलेल्या लांब शेंगा दोघींनी पोतंभर तोडल्या. बी फार टणक. मावशींनी सांगितलं तसं, साल घासली जाऊन अंकुर फुटावा म्हणून, मी ते वाळूत चोळलं आणि मेअखेरीस प्लॉटभर मुठीमुठीने फेकलं.

जूनमध्ये दोन्ही बरोबरच उगवलं. टाकळा दाट होता तिथे त्याची गोलसर पानं एकमेकांना भिडली आणि खालच्या गाजरगवताला ऊन मिळेना. ती रोपं फिकी, लांबुडकी होऊन आडवी झाली. टाकळा विरळ होता तिथे मात्र गाजरगवतच वरचढ ठरलं. मी रोज तेवढ्याच जागा उपटत गेले.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी घरी आले तर मशीनवाल्याने अर्धा प्लॉट सपाट केलेला. सोसायटीचे सेक्रेटरी काका खुशीत म्हणाले, "बेन, बधुं साफ करावी नाख्युं!" म्हणजे सगळं साफ करून घेतलं.

मी सरळ मशीनसमोर जाऊन उभी राहिले. "काका, आता एक काडीही कापायची नाही."

"अरे, पण हे पण जंगलीच आहे ना?"

"असू दे. गणपतीपर्यंत थांबा, मग दोन्ही बाजू बघा."

मी हलले नाही. मशीन बंद झालं. गणपतीत काका स्वतः बघायला आले. कापलेल्या अर्ध्यात पांढऱ्या फुलांचं गाजरगवत, उरलेल्यात नुसता टाकळा. पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनीच पावसाळ्यात तिथे मशीन न्यायचं नाही असं ठरवून घेतलं.

त्यानंतर दोनदा पेरणी केली. आता गाजरगवत फक्त भिंतीलगत उरलंय, लोक बांधकामाचं डेब्रिज टाकतात तिथे. ते मी उपटते. पण टाकळाही काही साधा नाही. दोन वर्षं त्याने खाली दुसरं काही येऊच दिलं नाही. यंदा त्याच्यावर पिवळी फुलपाखरं आली, अंडी घालून गेली, आणि अळ्यांनी पानांची चाळण केली. मशीनवाला विचारत होता, औषध मारू का? नको म्हटलं. वाकून बघितलं तर त्या भोकांमधून ऊन खाली उतरत होतं आणि मातीवर, कुणी न पेरलेला, औषधी माका उगवला होता.