बाटलीवर लावलेली टिकली

सिनेमातला माजी सैनिक मला दुरूनही ओळखू येतो. दाढी वाढलेली, हातात बाटली, फटाका वाजला की खाटेखाली. मग एखादं लहान मूल येऊन गळ्यात पडतं आणि एका गाण्यात त्याची दारू सुटते. असले सिनेमे मी मोबाइलवर ढीगभर पाहिलेत. त्यामुळे धाकटा भाऊ फौजेतून पेन्शनीत निघून नंदिगड्ड्याजवळच्या आमच्या घरी राहायला आला, तेव्हा त्याच्या तोंडाआधी मी त्याची ट्रंक बघितली. आत रमच्या दोन बाटल्या. मनात पाल चुकचुकली.

आईबाप गेल्यावर मीच त्याला वाढवलं होतं. लढाईतून जिवंत आलेला माणूस घरात बसून दारूत बुडावा, हे मला सोसलं नसतं. मी पाळत ठेवली. उघडलेल्या बाटलीवर रम जिथवर होती तिथे बाहेरून माझी टिकली चिकटवली. तो जवळून गेला की श्वास ओढून वास घ्यायची. एक दिवस दाढी केली नाही तरी माझा जीव खालीवर.

भात पोटरीला आलं तसा तो रानडुकरं हाकायला शेतातल्या माळ्यावर राहायला लागला. तिसऱ्या दिवशी बघते, तर टिकलीखाली दोन बोटं रम कमी. दुपारी तो जेवायला आला, तेव्हा ताट वाढायच्या आधीच मी विचारलं, "किती प्यायलास?"

तो मला बांधावरच्या राखणदार देवाच्या दगडापाशी घेऊन गेला. पानावर भाकरीचा तुकडा होता आणि दगडाला रमचा वास येत होता.

"राखणीला बसलं की ह्याला थेंब द्यायचा. आबा देत व्हतं. इसरलीस?"

आमचीच रीत, आणि मी ती विसरले. सिनेमे तेवढे पाठ. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन टिकली काढली, पाळतही सोडली.

सुगी झाल्यावर आम्ही दोघं माळा मोडायला गेलो. छपराचं गवत ओढलं, तर आतून गोळ्यांची रिकामी पाकिटं पडली, मुठी भरतील एवढी. कमरेच्या दुखण्यावरच्या गोळ्या. तो आला तेव्हा डॉक्टरांनी पंधरा दिवसांपुरत्या दिलेल्या. तो बाजाराला म्हणून रामनगरला जायचा, ते याचसाठी. चोर सोडून मी संन्याशाला धरलं होतं.

"कमर एवढी दुखतीय?"

"कमर कवाच बरी झाली. हे घेतलं की डोस्क्यातला आवाज थांबतोय."

"मग मला का सांगितलं न्हाईस?"

तो पाकिटं गोळा करत राहिला. वर न बघताच म्हणाला, "रोज वाटायचं, अक्का आज इचारंल. तू जवळ यायचीस, हुंगायचीस आन् जायचीस."