खोटा चौक

आमच्यावर सिनेमा निघतोय म्हटल्यावर मला वाटलं, चला, आता तरी ही बया तोंड उघडेल.

बया म्हणजे माझी सोबतीण. तलासरीजवळच्या पाड्यात आम्ही दोघी कधीपासून एका चुलीवर जेवतो. ती भिंतीवर लग्नाचे चौक काढते आणि मी धवलेरी, म्हणजे लग्नं गाऊन लावणारी. तिचा नवरा दुसरी करून वलसाडला राहतो. पण जिवंत आहे, म्हणून ही सवाशीण, आणि चौक सवाशिणीनेच काढायचा असतो. नवऱ्याचा तिला तेवढाच उपयोग झाला. आमचं काय आहे ते पाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त तिने ते एकदा तोंडाने म्हणावं, एवढीच माझी हाव होती.

दिग्दर्शिका मुंबईची, गोड पोरगी. कॅमेरा लावून तिने माझ्या सोबतिणीला सरळ विचारलं, मावशी, तुमचं यांच्यावर प्रेम आहे ना? हिने पदर सावरला. मग म्हणाली, “ही भात करपवते.” आणि पुढे माझ्या भातावरच बोलत राहिली. मी उठून बाहेर गेले आणि उगाच कोंबड्यांवर खेकसले.

आमच्या जागी दोन नट्या होत्या. माझी शेवग्याच्या शेंगेसारखी. उकिडवं बसायला शिकवलं की मागे कोलमडायची. हिची नटी कोंबड्यांना घाबरायची. आम्ही पहिल्यांदा भेटलो ते डहाणूच्या बाजारात, सुक्या बोंबलांच्या एकाच वाट्यावरून भांडताना. सिनेमात मात्र विवळवेढ्याच्या जत्रेत, पाळण्यात बसून. बोंबील पडद्यावर शोभत नाहीत म्हणे. मेल्यांनो, खाताना शोभतात ते?

शेवटी दोघी नट्या चौकासमोर बसतात आणि त्यांचं लग्न लागतं, असं लिहिलं होतं. मला बाई आवडलं. पण ही अडून बसली. चौकात मधोमध पालघट देवी काढतात. देवी येऊन बसली की तिला लग्न हवं. नाटकासाठी बोलावून तिला तसंच परत पाठवायचं का, असं तिने सगळ्यांसमोर विचारलं, आणि वर म्हणाली, “मी खोटा चौक काढत नाही.”

खोटा! माझ्या जिव्हारी लागलं. त्या दिवशी आमटीत मी मुद्दाम मीठ घातलं नाही. तिनेही मुद्दाम दोनदा वाढून घेतली.

बऱ्याच विनवण्यांनंतर ठरलं, की ही भोवतालची नक्षी काढेल, देवीची जागा मोकळी सोडेल. म्हणजे ते नुसतं चित्र. सरावलीला भाड्याने घेतलेल्या घरात ती पीठ कालवून, काडी घेऊन बसली. कोणाला आत येऊ देईना. मलाही नाही. झाल्यावर रीतीप्रमाणे वरून कापड टाकलं.

शूटिंगच्या दिवशी नट्यांची रंगरंगोटी संपेना. तोवर दिवे बघून घेऊ म्हणून दिग्दर्शिकेने आम्हा दोघींनाच भिंतीसमोर पाटावर बसवलं. फुगलेली मी, घुम्यासारखी ती. कोणीतरी कापड ओढलं.

मधोमध पालघट होती. पुरी, पांढरी, चारी बाजूंच्या नक्षीसकट.

मी हिच्याकडे पाहिलं. ही समोर पाहत बसलेली, कान लाल. मग माझा गळा आपसूक सुरू झाला. स्वतःच्याच लग्नात गाणारी धवलेरी माझ्याआधी झाली नसेल. मध्ये पोरीने कट म्हटलं. दिवेवालेही कट म्हणाले. पण लग्न अर्ध्यात सोडता येतं का? माझी नटी अर्ध्या मिशरीने, म्हणजे अर्धे दात काळे करून, दारात उभी राहून रडत होती. मीही रडत होते, म्हणून सूर चांगलाच फाटला.

संपल्यावर दिग्दर्शिका म्हणाली, मावशी, मधली जागा मोकळी सोडणार होतात ना?

हिने पदराने हात पुसले. “सांगितलं होतं ना, मी खोटा चौक काढत नाही म्हणून.”

घरी आल्यावर भात तिने टाकला. मला हात लावू दिला नाही. माझ्याकडेच बघत बसली होती, त्यामुळे तो करपला. मी तळाची खरवडसुद्धा सोडली नाही.