कोरससाठी सोडलेली जागा

रॅप करणाऱ्यांना मुलाखतीत एक प्रश्न हमखास विचारतात: सुरुवात कुठून झाली? बहुतेक जण मुंबईच्या नाहीतर परदेशातल्या एखाद्या कलाकाराचं नाव घेतात, आणि ते खोटंही नसतं. ती गाणी मीही ऐकली, मैत्रिणीबरोबर एकच इयरफोन वाटून घेऊन. पण मी माझं खरं उत्तर दिलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. मी म्हणते, कोरसमधून.

माझे पप्पा उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होते. आम्ही मूळचे मुखेडकडचे, पण कामाच्या मागं उदगीरला आलो आणि इथलेच झालो. दिवसभर पप्पांच्या पाठीवर तुरीची पोती, आणि एप्रिल जवळ आला की ते भीमगीतांच्या गायन पार्टीत. पार्टीत मुख्य गायक एक, पेटीवाला एक, ढोलकीवाला एक आणि मागं बसलेले चार कोरसवाले. पप्पा माझ्या जन्माआधीपासून त्या चारांत. गायकानं कडवं संपवलं की शेवटची ओळ कोरसनं उचलायची आणि दोनदा म्हणायची. तेवढ्यात गायक श्वास घेतो, पुढचं कडवं आठवतो, एखादा पाण्याचा घोटही घेतो. कोरसवाल्याचं नाव पत्रिकेवर नसतं आणि हारही त्याच्या गळ्यात पडत नाही. पण त्यानं ओळ उचलली नाही तर गायक भर स्टेजवर उघडा पडतो. मी आठ वर्षांची असल्यापासून विहाराच्या ओट्यावर पप्पांच्या शेजारी बसून ओळी उचलत होते, आणि पप्पांचा हात माझ्या गुडघ्यावर ठेका धरायचा.

कॉलेजात गेल्यावर मला रॅपचं वेड लागलं. सुरुवातीला मी मुंबईच्या हिंदीत लिहायची. चाळी, समुद्र, पोलिसांच्या गाड्या. समुद्र मी पाहिला नव्हता आणि पोलीस आमच्या वस्तीत फारसे गाडीनं येतच नसत, तरी लिहायची. इंटरनेटवरून फुकटचा बीट उतरवायचा, कपाटात तोंड घालून, डोक्यावरून गोधडी घेऊन मोबाईलवर रेकॉर्ड करायचं आणि टाकायचं. मराठवाड्यातला उन्हाळा आणि वर गोधडी! बाहेर आले की माय विचारायची, ताप आला का काय गं तुला.

पुढं नांदेडच्या एका कॉलेजात स्पर्धा होती. लोह्यावरून जाणारी एसटी धरून मी गेले. आयुष्यात पहिल्यांदा मोठं सभागृह, मोठे स्पीकर. बीट सुरू झाला, मी पहिल्या चार ओळी झोकात टाकल्या आणि थांबले.

का थांबले? कडवं संपलं होतं म्हणून. आता कोरसनं उचलायचं होतं ना! दहा-बारा वर्षांची सवय अंगात इतकी मुरलेली की मागं कोणी नाही, फक्त एक लॅपटॉप वाजतोय, हे माझ्या फुप्फुसांना माहीतच नव्हतं. बीट पुढं निघून गेला. मी मान किंचित मागं वळवून उभी, तोंड मिटलेलं. मग भानावर येऊन पुढच्या चार ओळी घेतल्या आणि पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा सभागृह खदखदा हसत होतं. कोणीतरी ओरडलं, "नेट गेलं का ताई?" तो व्हिडिओ उदगीरला माझ्याआधी पोचला. महिनाभर कॉलेजात माझं नाव बफरिंग ताई होतं.

पप्पांनीही तो पाहिला. ते हसले नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाले, "आमच्या पार्टीत गायक चुकला तर मागून चौघं सावरतात. तुझ्या मागं कोण हाय? एक लॅपटॉप वाजून राहिलाय, बास." आत्या लातूरला नर्स होती. तिच्या ओळखीनं नर्सिंगचा फॉर्म त्यांनी आणून ठेवला. "जूनमंदी भरायचा. तवर काय बोंबलायचं ते बोंबल. तुझ्या मागं चार माणसं हुबी राहिलेली मला एकदा दिसू दे, फॉर्म मी स्वतः फाडतो. न्हाई दिसली, तर गाणं बंद."

मला राग आला, आणि रागात मी फार चांगलं काम करते. जूनला चार महिने होते.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. लातूरला रेल्वेनं पाणी आलं तोच. लातूरचे पाहुणे आंघोळीच्या आशेनं आमच्याकडं यायचे आणि आमच्याकडचं पाणी बघून संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. आमच्या वस्तीला टँकर यायचा, पण सगळ्या गावाला वाटून झाल्यावर, बुडाशी राहिलेलं घेऊन. सकाळपासून घागरींची रांग लावलेली असायची. घागर ठेवली की नंबर लागला. मग बाई घरी जाऊन भाकरी थापू शकते, पण रांगेवर नजर ठेवायला कोणीतरी लागतंच. आमच्या घरातून ते काम माझ्याकडं. टँकरवाला दुसऱ्या गल्लीकडं वळला की सगळ्या बायका एका सुरात ओरडायच्या, "आमचा नंबर कधी?" रोज तेच.

तिथं मी पहिल्यांदा आमच्या बोलीत लिहिलं. वहीत नाही, उभ्या उभ्या, घागरीवर बोटांनी ठेका धरून:

घागर हुबी सकाळधरनं, घागरीला पाय न्हाई,
नकाशावर वस्ती हाय, नळाला तिची सय न्हाई.
टँकर गेला मोंढ्यामंदी, टँकर गेला चौकात,
आमच्याकडं आला तवा गाळ उरला बुडात.

आणि मी थांबले. मुद्दाम. रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं आणि आपसूक म्हणाल्या, "आमचा नंबर कधी?" मला इतका आनंद झाला की मी पुढचं कडवं विसरले. एक म्हातारी म्हणाली, "फुडं म्हण की गं. अडकून राहिली काय?"

म्हणजे थांबण्यात चूक नव्हतीच. चूक होती ती उचलायला ओळ न देण्यात. मुंबईच्या हिंदीतली ओळ नांदेडच्या पोरांनी कशाला उचलावी? हे मला कोणी शिकवलं नाही, घागरींच्या रांगेनं शिकवलं. मार्चभर मी रोज तिथं एकेक कडवं पक्कं केलं. पप्पा त्या वेळी मोंढ्यात असायचे, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. आणि मी सांगितलंही नाही, कारण त्यांनी रांगेतल्या बायका त्या चार माणसांत मोजल्या नसत्या. त्या शेजारणी, घरच्याच.

त्याच दिवसांत उदगीर लातूरपासून वेगळा जिल्हा व्हावा म्हणून गावात जोर चढला होता. मागणी जुनी, पण त्या वर्षी आता होतोच जिल्हा अशी हवा. चहाच्या हॉटेलात लोक कलेक्टर ऑफिस कुठं बांधायचं यावरून भांडायचे. मागणीसाठी एक समिती होती, तिचे अध्यक्ष एक वकीलसाहेब. रॅप म्हणणारी पोरगी म्हणून त्यांच्या कानावर माझं नाव गेलं आणि त्यांनी निरोप धाडला: तरुणांना ओढेल असं गाणं हवंय, मोठ्या सभेत स्टेजवर म्हणायचं.

मी तर हवेतच. मोठी सभा, हजारो माणसं, पप्पांना दाखवायला यापेक्षा चांगली जागा कुठली? 'आमचा नंबर कधी?' ही उचलायची ओळ आणि टँकरचं कडवं तसंच ठेवलं, आणि जिल्ह्याची दोन कडवी नवीन करून त्याआधी लावली. वकीलसाहेबांच्या ऑफिसात उभी राहून म्हणून दाखवली:

सही येक, शिक्का येक, कागद लातूरला पडतो,
जायला दिस, यायला दिस, रोज आमचा बुडतो.

वकीलसाहेब खूश. "आमचा नंबर कधी? वा! हे तर घोषणेसारखंच झालं, ताई." मग तिसरं कडवं आलं, टँकरचं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे नको."

"का नको?"

"बघा, आपण सगळे मिळून सरकारकडं मागतोय. त्यात गावातल्या गावात टँकर कुठं आधी गेला आन् कुठं नंतर, हे काढलं तर आपसात फूट दिसते. आधी जिल्हा होऊ द्या. पाणी त्याच्या मागून आपोआप येतं."

ते वाईट माणूस नव्हते. शांतपणे बोलत होते, चहाही मागवला होता. पण मला तो 'मागून' शब्द झोंबला. आमच्या वस्तीला सगळं मागूनच येतं. मी म्हणाले, "साहेब, तिन्ही कडवी म्हणीन, न्हाईतर एक बी न्हाई."

"मग राहू द्या," ते म्हणाले.

मी जिना उतरले. हट्टीपणाचं मला लहानपणापासून कौतुक ऐकायला मिळालेलं नाही, आणि त्या दिवशी मलाही वाटलं, आपण मूर्ख आहोत. एक कडवं गाळलं असतं तर काय बिघडलं असतं? स्टेज मिळालं असतं, पप्पांना माणसं दिसली असती, फॉर्म फाटला असता. पण मग मी रोज सकाळी त्या रांगेत कोणत्या तोंडानं उभी राहणार होते? ती ओळ त्या बायकांची होती. त्यांना गाळून त्यांची ओळ विकायची, हे मला जमणार नव्हतं.

आठ दिवसांनी बघते तर गावभर भिंतींवर रंगवलेलं: 'उदगीर जिल्हा: आमचा नंबर कधी?' रिक्षावरच्या भोंग्यातूनही तेच. मी संतापून घरी आले आणि भाकरीचं पीठ असं मळलं की माय म्हणाली, "त्या पिठानं काय केलंय तुझं?"

सभेच्या दिवशी गाव बंद होतं. मोंढाही बंद, म्हणून हमालही रस्त्यावर. तहसीलसमोर माणूसच माणूस. मी गेले ती फक्त बघायला, निदान स्वतःला तसं सांगून. मोठे पुढारी नेहमीप्रमाणे उशिरा येणार होते आणि ऊन चढत होतं. माईकवरचा माणूस वेळ काढायला तीच घोषणा पुन्हा पुन्हा देत होता. तो म्हणायचा, "उदगीर जिल्हा," आणि हजारो लोक म्हणायचे, "आमचा नंबर कधी?" मी ऐकत राहिले. वेळेवर, एका सुरात, शेवटच्या शब्दावर जोर देऊन. इतका मोठा कोरस मी जन्मात ऐकला नव्हता. मग माईकवाला पाणी प्यायला खाली उतरला.

रस्त्याच्या कडेला एक रिकामा हातगाडा उभा होता. मी त्यावर चढले. बीट नाही, माईक नाही. मी टाळ्यांनी ठेका धरला आणि पोटातून आवाज काढला, "सही येक, शिक्का येक..." आसपासचे लोक वळले. कडवं संपलं, मी थांबले, आणि शे-दोनशे माणसांनी ओळ उचलली. दुसऱ्या कडव्याला अर्धा रस्ता. पोरं मोबाईल वर करून उभी. स्टेजवरून वकीलसाहेब माझ्याकडं बघत होते, आणि पुढं काय येणार हे स्टेजवरच्या माणसांत फक्त त्यांनाच माहीत होतं.

मी तिसरं कडवं घेतलं. पाय न्हाई, सय न्हाई. टँकर गेला चौकात. गाळ उरला बुडात. आणि थांबले.

कोणीच काही बोललं नाही.

एवढी माणसं, आणि एवढी शांतता. काही जण चपलांकडं बघत होते, कारण टँकर त्यांच्याच चौकात आधी जायचा. रांगेतल्या बायकाही त्या चौकवाल्यांसमोर आधी उचलायला धजेनात. नांदेडचं सभागृह डोळ्यासमोर आलं. निदान तिथं हसले तरी होते! पण मी मान वळवली नाही आणि पुढंही गेले नाही. ठरवलं, ही जागा मी भरणार नाही. कितीही वेळ लागू दे. मी टाळ्यांचा ठेका चालू ठेवला, एकटीच.

मग पलीकडून, हमालांच्या घोळक्यातून एक आवाज आला. खर्जातला, थोडा उशिरा, एकटा. "आमचा नंबर कधी?" तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. आयुष्यभर तो तीन आवाजांत मिसळून ऐकला होता. एकटा तो कसा लागतो हे मला त्या दिवशी कळलं. नेमाप्रमाणं दोनदा म्हणायची असते म्हणून पप्पांनी दुसऱ्यांदा म्हटली, आणि या वेळी शेजारच्या हमालांनी उचलली. मग आमच्या वस्तीतल्या बायकांनी, मग मागच्या पोरांनी. सगळ्या गावानं म्हटलं असं मी म्हणणार नाही. चौकातले बरेच जण गप्पच राहिले. पण मला श्वास घेता येईल एवढा कोरस होता. मी श्वास घेतला आणि तेच कडवं पुन्हा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी टँकर आमच्याकडं आधी आला, असं काही झालं नाही. जिल्हाही अजून झालेला नाही. झालं एवढंच की पुढच्या आठवड्यात वस्तीच्या जयंतीला मला बोलावणं आलं, मग एका गावाचं, मग लातूरच्या एका पोराचं, बीट मी देतो म्हणून. करिअर म्हणतात ते असंच एकेक गाव करत झालं.

सभेच्या त्या दुपारी पप्पा माझ्यानंतर घरी आले. हातपाय धुवायला अर्धा तांब्या पाणी घेतलं, टॉवेलनं तोंड पुसलं आणि फळीवरचा फॉर्म काढला. मी श्वास रोखून बघत होते. त्यांनी तो फाडला, दोनदा, आणि चुलीशी ठेवला. जेवायला बसल्यावर भाकरी मोडता मोडता, माझ्याकडं न बघता म्हणाले, "फुडल्या गाण्यात थांबायला जरा जास्ती जागा ठेव. वय झालं माझं. लगीच दम लागतो."