बाबांची डर्बी आणि कोटऱ्याची गल्ली

आई गेल्यावर बाबांना मी पुण्याहून इथे भोपाळला, कोटरा सुल्तानाबादच्या आमच्या घरी घेऊन आले. पण त्यांचा जीव रमेल तर शपथ! बोलायला माणूस नाही. डर्बी झाली की मला हबीबगंज स्टेशनवरून पुण्याच्या गाडीत बसवून दे, असं त्यांनी निक्षून सांगितलं होतं.

डर्बी म्हणजे मुंबईत दरवर्षी होणारी चार वर्षांच्या जातिवंत घोड्यांची शर्यत. बाबांनी जन्मात कधी घोड्यावर पैसे लावले नाहीत. पैसे लावले की घोडा दिसतच नाही, असं त्यांचं म्हणणं. पण साहेबाच्या काळापासूनचा सगळा इतिहास तोंडपाठ. माझं जन्मसाल विचारा, आधी त्या साली कोण जिंकलं ते सांगतील, मग मी आठवेन.

त्या रविवारी त्यांनी स्वतः गल्लीत फिरून सगळ्यांना बोलावलं. मी घाणाभर बटाटेवडे तळले. वेळ होत आली तरी चिटपाखरू फिरकलं नाही. बाबा एकटेच टीव्हीकडे बघत होते. मला राहवेना. समोरच्या आंटींना बोलवायला गेले, तर त्या हळूच म्हणाल्या, "बेटा, इस उमर में जुआ?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाबांनी शर्यतीचं आपल्या मनाने हिंदी केलं होतं: आज हमारे घर शर्त है, जरूर आइए. आणि हिंदीत शर्त म्हणजे पैज! अहो, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली सभ्य गल्ली ती, येतेय कशाला? हसावं की रडावं कळेना. आंटींना कसंबसं समजावलं आणि घरी पळाले.

शर्यत सुटली होती. सगळ्या घोड्यांत एकच घोडी, आणि बाबांचा जीव तिच्यावर. शेवटच्या वळणावर ती पार मागे. मग बाहेरच्या बाजूने अशी काही सुटली म्हणता! बाबा ताडकन उठले, खुर्ची आडवी झाली. "चल गं पोरी, चल!" ते बेंबीच्या देठापासून ओरडत होते.

म्हाताऱ्याला काही झालं की काय, म्हणून समोरचे अंकल अनवाणीच धावत आले, मागोमाग आंटी. अपनी कौनसी, अंकलनी विचारलं. बाबांनी बोट दाखवलं. पुढच्याच क्षणी अंकलही ओरडायला लागले, आंटी टाळ्या पिटायला लागल्या, मी तर सोफ्यावर चढले होते. घोडी जेमतेम मानेएवढ्या अंतराने हरली. हरली तर हरली, काय धावली बया! जॉकीने तिला उशिरा सोडलं की नाही यावर वडे खाताखाता बाबा आणि अंकल तावातावाने भांडले आणि बाबा तीन पिढ्यांच्या डर्ब्या सांगत सुटले.

निघताना अंकलनी विचारलं, ही पुढच्या वर्षी पुन्हा धावेल ना?

बाबांनी मान हलवली. "ये नहीं. इनको एकही बार मिलता है. अगले साल दूसरी आएगी. आप आना, मैं इधरीच हूँ."